रिकामं परत

तीन चौकोन आहेत.
तीनच, मोजून. चौथा मागायचा नाही,
मेमरी काही कुणाच्या बापाची नसते.

बोटीच्या नाकाडावरचा कॅमेरा एक चौकोन उचलतो,
त्यात समुद्र भरतो, बर्फाचे तुकडे, लाल बोया,
आणि रांगेत ठेवून देतो.
वर केबिनमधला पडदा रांगेतून तो घेतो,
दाखवतो,
आणि परत करतो. रिकामा.
सेकंदाला साठ वेळा हा शेजारधर्म.
चित्र जागचं हलतसुद्धा नाही,
जमीन तिथेच, सातबाऱ्यावरचं नाव तेवढं बदलतं.

आणि मधे एक कुंपण. म्हणजे नुसता शब्द:
रंग ओला आहे, वाळला की सांगतो.
शब्द मोडला
तर अर्धी लाट आत्ताची, अर्धी मघाची,
मधून सुरी फिरवल्यासारखी रेघ.

इर्या केरानेन हे सगळं ओउलूत बसून लिहिते,
तिसऱ्या मजल्यावर,
जिथे जानेवारीत दुपारच्या कॉफीलाच दिवे लागतात.

बेटाच्या फेरीवरून काउको हिल्तुलाचा फोन आला.
पडदा बिघडलाय का?
"छे, छान दिसतोय. पण तो सीगल,
चार मिनिटं झाली,
पंख खालीच घेत नाहीये."

बंद पडलेला पडदा काळा होईल असं लोकांना वाटतं.
तो हातातलं शेवटचं चित्र घट्ट धरून बसतो,
आणि गोठलेलं चित्र
लांबून अगदी शांततेसारखं दिसतं.
काउकोने काच खाली केली,
उणे एकोणीसमध्ये डोकं बाहेर काढून
शिव्या घालत बोट धक्क्याला लावली.

अकरा रात्री ती नोंदी वाचत होती.
कॅमेरा म्हणे, रिकामा मिळाला की भरतो.
पडदा म्हणे, भरलेला आला की दाखवतो.
दोघंही सभ्य. दोघंही वाट बघत उभे,
आणि चौकोन कुणाकडेच नाहीत.

बाराव्या रात्री सापडली ती एक ओळ, तिचीच,
घाईच्या कुठल्यातरी शुक्रवारी लिहिलेली:
चित्र खराब असेल तर निघून जा.
थंडीने फाटलेलं चित्र आलं
की पडदा ते हातात घेई, नाक मुरडी, निघून जाई,
चौकोन बगलेत तसाच.
एक डिसेंबरात गेला, एक नव्या वर्षाच्या पहाटे,
तिसरा सीगलच्या मागोमाग.

नको असलेलंही परत करावं लागतं.
तिने वर एक ओळ घातली:
हातातलं ठेव, मग जा.

आपल्यात रिकामं भांडं परत देत नाहीत,
साखरेचे चार दाणे तरी घालतात.
इथे एक दाणा राहिला
तरी पुढच्या समुद्रात तो तरंगताना दिसेल.

घरी आली तर फ्रिजवर ट्रे.
खालच्या आउने पिक्काराइनेनचा, ऑगस्टमधला,
ब्लूबेरीची पाय घेऊन आलेला.
पाय आंबट होती. आवडली म्हणावं तर खोटं,
नाही म्हणावं तर कसं,
म्हणून राहिला.
नंतर राहिला म्हणून राहिला.
मधे कधीतरी जिन्यात भाजल्याचा वास येईनासा झाला,
तेही हिच्या लक्षात आलं नव्हतं.

तिने तो घासला, कोपरे नखाने खरवडले,
आणि मोज्यांवरच दोन मजले उतरली.

आउनेने ट्रेकडे पाहिलं, मग हिच्याकडे.
"केस कापलेस."
"सप्टेंबरात."
"माझ्याकडे अजून लांबच होते."

मग ट्रे हातात घेऊन उलटा केला,
खालची बाजू ॲप्रनने पुसली, स्वच्छच होती,
आणि आत गेली.
दार उघडंच ठेवून.