कोरडा खोकला

फॉर्म उद्या दुपारी बारापर्यंत.
आठव्या सत्राचे ऐच्छिक विषय, निवडायचे दोन,
यादीत दहा-अकरा नावं, प्रत्येकापुढे बारीक चौकट.
आणि मी कुर्ल्याच्या मेडिकलमध्ये काउंटरच्या आत,
सात ते साडेदहा,
फॉर्म थायरॉइडच्या गोळ्यांच्या खोक्याखाली दाबून.

निमिष वैतीने संगणकावर रेणू रचायचं ठरवलंय.
पडद्यावर प्रथिनाची खाच गोल गोल फिरवतो,
आपला रेणू त्यात बसवून बघतो,
बसला नाही की एक हायड्रॉक्सिल इकडचा तिकडे.
शाहीन मुकादम सौंदर्यप्रसाधनं घेणार.
आम्ही हसलो.
हसू नका, म्हणाली,
गोऱ्या करणाऱ्या क्रीमने माझ्या खालाचा गाल जाळलाय,
ट्यूबमध्ये काय भरतात ते मला आतून बघायचंय.

बाबा म्हणतात, नोकरी लागेल ते घे.
कारखानीस मॅडम म्हणतात, झोप येणार नाही ते घे.
आणि हंसराजभाई, ज्यांचं दुकान,
"आमच्या टायमाला एकच सब्जेक्ट होता,
डॉक्टरचा अक्षर."
झुरळ शाईतून चालून गेल्यासारखी ओळ
ते अजून चष्मा कपाळावर ठेवून वाचतात.

सव्वानऊला तुस्कानो आंटी आल्या, ख्रिश्चन गावातल्या.
"तीच बाटली दे गं बाय, लाल."
पहिली दिवाळीत नेली होती. दुसरी नाताळात.
"ह्या खोदकामाची धूळ मेली,
रात्रभर खॉक खॉक, शेजारीण भिंतीवर थापा मारते."
माझा हात फडताळाकडे गेलेला,
तिथेच राहिला.

कफ पडतो?
"कुठला कफ! सुका. घशात पीस अडकल्यासारखा."
ब्लडप्रेशरची गोळी कधी बदलली?
त्यांनी बोटं मोजली.
मोतमावलीच्या जत्रेआधी.
पाकिटातून पट्टी काढली, लॉटरीच्या तिकिटासारखी जपलेली,
आणि नावाच्या शेवटी ते शेपूट: प्रिल.

तोंडी परीक्षेत हेच आलं होतं मला.
चक्कर सांगितली, पोटॅशियम सांगितलं,
ओठांची सूजसुद्धा सांगितली,
खोकला तेवढा विसरले.
दोन मार्क.
ते दोन मार्क आता कापडी पिशवी घेऊन
माझ्यासमोर खोकत उभे होते.

"गोळी बंद करू नका हं," मी दोनदा म्हटलं, जरा मोठ्यानेच,
"पण उद्याच्या उद्या डॉक्टरांना विचारा,
खोकला हिच्यामुळे असेल का."
चिठ्ठीवर लिहून दिलं, पहिलीतल्या मुलीसारखं गोल गोल.
हंसराजभाईंनी बाटली उचलून परत ठेवली.
एकशे अठरा रुपये.
बोलले काही नाहीत,
लेबल तेवढं पुढे करून ठेवलं.

औषधसुरक्षा. यादीत चौथ्या नंबरवर.
मला वाटायचं, अंधेरीच्या थंडगार ऑफिसात
हेडफोन लावून परक्या लोकांच्या तक्रारी भरायच्या,
त्यात कसली फार्मसी.
चार महिने एक बाई रात्री उठून बसते,
आणि कुठल्याच रकान्यात ती नाही.
मी खोकं उचललं. टिक केली.
बॉलपेन फुटलेलं होतं, डाग पाचव्या नंबरपर्यंत गेला.

आंटी पायरीवरून वळल्या.
"पण आज रात्री काय करू गं?"

चार वर्षांच्या वह्या डोळ्यांपुढून भराभर गेल्या.
कोमट पाणी, म्हणाले मी. दोन उश्या.
हंसराजभाईंनी गल्ल्याशेजारचा डबा उघडला,
"साखर नाय ना तुम्हाला?" विचारलं,
आणि खडीसाखरेची पुडी बांधली,
जुन्या बिलाच्या कागदात.

दुसरी चौकट कोरीच आहे.
बारापर्यंत वेळ आहे.
शटर शेवटच्या वीतभर अडकतं,
पायाने दाबलं की बसतं.