ओलामीन

सोमवारी सकाळी मोटरीचं जळकं वाइंडिंग उकलताना
मी जालिंदरचा आवाज लावतो.
रविवारी रात्री कधीतरी कोचीहून येऊन पडलेला असतो तो,
मागं इंजिनाची धडधड, मग एकदम बंद.
"वारा वायव्येचा. अंगाला लागतो, पण टोपी उडत नाही.
पंधरा मैल पाणी गढूळ, पुढं निळं.
हात घालून बघितला. बंबातल्यागत कोमट."

लेंगऱ्यात हे कुणाला सांगू?
आमच्याकडं पाण्याचं एवढंच विचारतात,
आलं का, किती वेळ, कुठल्या चारीला.

एकवीस वर्षं तो गलाईत.
मूस, तेजाब, कोळसा, पिवळा धूर.
सोनारांच्या दुकानातली झाडलेली धूळ विकत घेतो,
जाळतो, धुतो,
चिमटीभर पिवळं काढून दाखवतो.
पेढीवाल्या वर्गीसशेठनं एकदा बोटीवर नेला
बर्फाचा डबा धरायला माणूस पाहिजे म्हणून.
पहिल्या खेपेला ओकला.
दुसऱ्या खेपेला गळ मागितला.

मार्गशीर्षात: "दोन कुपे. एक सुरमई सात किलोची,
दुसरीनं तंगूस दातानं कापला."
पौषात: "काही नाही. पाणी आरशागत.
पाखरंसुद्धा बसून."
माघात: "समुद्रात कचऱ्याची एक ओळ असते बघ,
शेवाळ, झावळ्या, एखादी चप्पल,
दोन पाण्यांचा बांध तो.
मासा बांधावर सापडतो."
हे मात्र मला लगेच कळलं.
बांधावर काय काय सापडतं
ते आमच्या भावकीला विचारा.

आणि शिमग्याच्या आदल्या रविवारी:
"ओलामीन," म्हणाला, आणि दम खाल्ला.
"पाठीवर शीड, निळं. उघडलं की आपल्या दाराएवढं.
चाळीस मिनटं.
अर्धा तंगूस घेऊन गेला, रीळ नुसतं किंचाळतंय.
शेपटीवर उभा राहिला पाण्यावर, दादा, उभा!
आणला बोटीजवळ. गळ काढला. सोडला."

आई भाकरी थापायची थांबली.
"सोडला?"
"सोडला म्हणतोय."
"मग गेलता कशाला?"
मी परत लावलं. परत सोडला.
"ओला म्हंजे तिकडं माडाची झावळी," मी सांगितलं.
"असंल," ती म्हणाली,
"आपल्याकडं ओला म्हंजे ओला."

वैशाखाअखेरी समुद्र खवळला तसा तो आला, चार दिवस,
प्लॅस्टिकच्या पाइपात रॉड घालून.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं म्हणे.
संध्याकाळी आम्ही तिघं एका गाडीवर
घाणंदच्या तलावाला.
पाणी लांब आत सरकलेलं,
भेगाळलेल्या गाळात बगळ्यांची पावलं.
गळ त्यानं काढून ठेवला,
तंगूस स्वतःच्या मनगटाला बांधला,
रॉड आईच्या हातात दिला,
आणि पळत सुटला.

रीळ किंचाळलं.
आई दोन पावलं फरफटली, मग पाय रोवले,
पदर खोचला,
आडावर पोहरा ओढताना मागं रेलायची
तशी मागं रेलली.
तो डावीकडं गेला, उजवीकडं,
सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, गुडघाभर गाळात,
हसत, धापा टाकत.
"आता ढील दे! आता ओढ! नको, ढील!"
तिनं ढील दिलीच नाही.
तीस हातांवर आणला, वीस, दहा.
त्याचं मनगट तिच्या हातात आलं
तेव्हा त्यावर लाल वळ उठला होता.
"लागलं का रं?"
तिनं गाठ दातानं सोडवली.

मग विचारलं, "सोडत्यात कसं?"
"पाण्याकडं तोंड करून धरायचं," तो म्हणाला,
"नुसतं धरायचं.
त्याच्यात जीव आला की तो आपणच जातो."

मंगळवारी विट्याच्या स्टँडवर
आईनं त्याला दोन्ही दंडांना धरलं होतं.
कोल्हापूरची गाडी लागली.
पाइप आत गेला, पिशवी गेली.
ती अजून धरूनच होती,
त्याचं तोंड गाडीकडं करून.