लाल आधी उडतो

बोलोन्यातलं तळघर, गव्हाच्या खळीचा वास.
टेबलावर ओलं करून पसरलंय पोस्टर.
काही वर्षं स्टुडिओच्या खिडकीत उन्हात टांगलेलं,
मग साठ वर्षं आठ घड्यांत झोपलेलं.
घड्या हिच्याच अंगावरून जातात:
एक उभी, नाकाच्या शेंड्यापासून बेंबीपर्यंत,
एक आडवी, नेमकी गळ्यावरून,
कारण मधोमध हीच असते.
राक्षस वरच्या पट्टीत. त्याला चुरगळ नाही.

माझ्या हाताखालून अशी एकेचाळीस गेली.
छत्तीस जणींचा डावा बंद खांद्यावरून उतरलेला.
डावाच. जणू राक्षसांनी आपसांत ठरवून घेतलंय.
मेणबत्ती घेऊन जिना तीच उतरते, झोपेच्या कपड्यांत;
नवऱ्याला चपला सापडेपर्यंत कागद संपतो.
तो खाली कोपऱ्यात, अंगठ्याएवढा,
टॉर्चचा झोत भलतीकडे.
रक्त येतं ते अक्षरांना, ती ओघळतात;
हिला ओरखडासुद्धा नाही,
केस विस्कटलेत, पण बेतानं.

चंद्र ढगात, मेणबत्ती विझलेली,
तरी हिच्या मांडीवर लख्ख उजेड.
कुठून येतो, मला बरेच दिवस कळेना.
मग टेबलाला वळसा घालताना
माझी सावली तिच्यावर पडली.
उजेड आपल्या बाजूनं येतो,
तिकिटाच्या रांगेकडून.

भिंगाखाली राक्षसाचा पंजा.
हिरवी नखं, केस न् केस मन लावून काढलेला.
आणि मधल्या बोटाला, पहिल्या पेराशी,
घट्टा.
पेन्सिल धरून धरून पडतो तसा.
माझ्याही बोटाला आहे.
राक्षसासाठी कुणाला बसवलंच नव्हतं त्यानं.
आरशासमोर आपलाच उजवा हात,
थोडा वेळ पंजा,
थोडा वेळ ब्रश.

छापखान्यातलं हे पहिलं प्रूफ,
पाठीवर कुणीतरी हिशेब मांडलेला, पुसट:
ओंदीना. तीन तास. दोन हजार लिरा.
अर्धे आज, अर्धे शनिवारी.
पहिल्या अर्ध्यापुढे बरोबरची खूण.
दुसऱ्यापुढे कागद कोरा.

तीन तास आ वासून बसायचं,
कानाखाली जबडा धरत असेल.
आणि पैशांची वेळ आली की
त्याच तोंडातून ब्र निघत नाही,
असंही होतं.
की मिळाले, आणि खूण करायची राहिली?
कोण सांगणार. आडनावसुद्धा नाही.

उन्हात लाल आधी उडतो.
हिरवा चिवट, निळा त्याहून.
म्हणून राक्षस अजून टवटवीत
आणि हिच्या ओठांवरचा रंग गेला तशी किंकाळी गेली.
उरलंय एक अर्धवट उघडं तोंड.
दारात उभं राहून, चप्पल न काढता,
कुणी काही मागायला आल्यासारखं.

सिन्योर ब्रुसाफेर्रींचे दोन फोन येऊन गेले.
लाल परत हवाय. किंमत किंकाळीची आहे, म्हणाले, कागदाची नाही.
अर्धे पैसे आगाऊ दिलेत,
उरलेले शनिवारी, काम बघून.

घड्या भरून काढल्या. गळ्यावरची आधी.
बशीत लाल कालवला, ओठांच्या मापाचा,
आणि बसून राहिले, ती काय विचारतेय ते ऐकत,
बशीतल्या रंगावर साय धरेपर्यंत.

ब्रश रंगात बुडवलाच नव्हता.
तरी धुतला.