तुळईच्या पोटात

रस्त्यांवर मीठ पडायच्या आत
ट्रकचं पोट धुऊन घ्यावं, म्हणून
गॅरेजच्या गार फरशीवर मी उताणा.

चॅसीची पोकळ तुळई. बाहेरून काळी कुळकुळीत,
ठोकली की मध्येच बद्द वाजते.
भोकातून पाण्याची नळी सारली, तशी
दुसऱ्या टोकानं ओकू लागली:
तांबडा चिखल, पापुद्रे, पाइनच्या सुया,
उंदरानं साठवलेलं मऊ काहीतरी.
मग टण्णकन
पान्याची गोटी. दहा नंबरची.

एकोणीस वर्षं.
"तूच नेलीस," म्हणालो होतो उर्होला,
आईला पुरून आलो त्या दिवशी, सगळ्यांदेखत.
तो बोलला नाही. टोपी घातली, गेला.
तेव्हापासून पूल ओलांडून हँकॉकला जातो मी
ते फक्त दातांच्या डॉक्टरकडे.

दोन दिवस हीटर लावून आतलं सुकवलं.
मग लांब नळीचा फवारा, मेंढीच्या लोकरीची चरबी,
जिथे बोट पोचत नाही तिथवर,
डोळा तर नाहीच.
शेवटच्या भोकातून ठिबकेपर्यंत
हात काढायचा नसतो.

गोटी गंजलीय. आकडा अजून लागतो अंगठ्याला.
कॉफीच्या डब्यात, तेलात बुडवून ठेवलीय.

पुलावर उद्या बर्फ आहे म्हणे.