बढतीची यादी

यादी लागली त्या दुपारी
डेक्कनच्या आमच्या विमा कचेरीत
डबे उघडले, पण घास उतरेना.
लिमये म्हणाला, "आता अन्याय होतो तो आपल्यावरच.
उलटी गंगा."
मी मान हलवली.
यादीत माझंही नाव नव्हतं.

दोन टेबलं पलीकडे
विशाखा खिल्लारे भाकरी मोडत होती,
ऐकू येईल एवढ्याच अंतरावर.
ती नेहमी तिथेच बसते.
का, हे सोळा वर्षांत मी विचारलेलं नाही.

"गुणवत्ता!" लिमयेने चमचा आपटला
आणि मला माझी मुलाखत आठवली:
साहेबांनी आडनाव विचारलं, मग गाव,
मग "अरे, म्हणजे तू नानांचा पुतण्या!"
चहा आला. प्रश्न संपले.
त्या चहाला कुणी आरक्षण म्हणत नाही.

आणखी एक आठवलं.
तिला कोथरूडमध्ये खोली हवी होती,
मीच मावशीचा नंबर दिला होता.
मावशीनेही आडनावच विचारलं.
खोली नेमकी आदल्या दिवशी गेलेली निघाली,
आणि 'भाड्याने देणे आहे'ची पाटी
दिवाळीपर्यंत खिडकीत उन्हात पिवळी पडत राहिली.

हे लिमयेला सांगायला हवं होतं.
मी म्हणालो, "लोणचं सरकव जरा."

संध्याकाळी तिच्या टेबलापाशी गेलो.
"अभिनंदन."
तिने फाइलमधून मान वर केली.
"थँक्यू. तुमचे मार्चचे क्लेम
माझ्याकडेच आहेत अजून," म्हणाली,
"चुका दुरुस्त करून ठेवल्यात.
नेहमीसारख्या."