बदली

कान दाखवायचा होता,
आणि तारीख कानानंच घ्यायची होती.
फोनमधली बाई सांगायची, एक दाबा, दोन दाबा,
मला ऐकू यायचं फक्त दाबा, दाबा.
डावा कान मिलनं नेला, एकतीस वर्षांत, हप्त्याहप्त्यानं.
उजव्याला लावला फोन,
तर आधी सतार, मग खुट्.

सातव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या अनुपनं
स्वतःच्या मोबाइलवर अंगठ्यानंच काम केलं:
त्र्यंबक गंगाधर खांडवे, वय ७१, पुरुष,
कान-नाक-घसा, सतरा तारीख, टोकन चोवीस,
कंपूतला मोठा दवाखाना.
दिनदर्शिकेवर सतराच्या चौकोनात मी कान काढला.
तो प्रश्नचिन्हासारखा आला.

मधेच देवासहून पुतणी आली,
नया बाजारात नेऊन तिनं
वालाच्या दाण्याएवढं यंत्र बसवलं कानात.
कुकर, शेजारणीचं भांडण, पिशवीची चेन,
सगळं एकदम घरात शिरलं.
माझी चप्पल एवढी वाजते,
इतक्या वर्षांत कुणी बोललं नाही.

सतरा तारीख मात्र उरली.

ती परत करायला गेलो.
फोन म्हणाला, गुप्त आकडा पाठवलाय.
तो गेला अनुपच्या जुन्या नंबरावर,
आणि अनुप पीथमपुरात, नव्या नंबरावर.
मग दोन टेम्पो बदलून खिडकीशी गेलो.
खिडकीतला म्हणाला,
"बाबूजी, कैंसिल-वैंसिल कुछ नहीं होता.
मत आना. बस, वही कैंसिल."

न येणं म्हणजे रद्द!
आमच्या मिलच्या फाटकाशी सकाळी सातला
बदलीवाले उभे असायचे, काखेत भाकरीचं फडकं.
एखादा आला नाही की जॉबर ओरडायचा,
"चौदा नंबर, कोण आहे रे?"
कुणाच्या तापापायी माग थांबला नाही कधी.
चार वर्षं मीही होतो त्या फाटकाशी.
खोटं कशाला बोलू,
लोकांना ताप यावा असं वाटायचं मला.

म्हणून सतराला गेलोच. आठ वाजता.
ओळीत, खांबाशी, जिन्यात बघत फिरलो,
बदली कोण?
पाण्याच्या टाकीपाशी डबऱ्याहून आलेली बाई,
मांडीवर मुलगी, कानातून पू,
ओढणीचं टोक कानाशी धरून बसलेली.
तिला मिळाली होती पुढच्या महिन्याची नऊ.
पू काय नऊ तारखेपर्यंत थांबतो?

चिठ्ठी तिच्या हातात दिली.
तिनं ती उलटीसुलटी पाहिली,
मग मला पाहिलं, तसंच, उलटंसुलटं.
"कितने दूँ?" म्हणाली.
मला राग आला, आणि लगेच लाजही वाटली;
तिला काय माहीत आमचं फाटक.

"तिरंबकराव! चौबीस!"
आयुष्यात पहिल्यांदा
माझं नाव मला एका हाकेत ऐकू आलं,
आणि मी बसून राहिलो.
मुलगी उठली. गौरा तिचं नाव.
आईचं बोट धरून आत गेली, त्र्यंबक होऊन.

दार अर्धं उघडं होतं.
डॉक्टरीणबाई तरुण, डोळ्यांखाली रात्रपाळी.
तिनं चिठ्ठी पाहिली, पोरीला पाहिलं,
दाराबाहेर माझ्या कानातलं यंत्र पाहिलं.
आता ओरडणार, म्हणून मी सवयीनं उजवा कान पुढे केला.
ती काही बोलली नाही.
"उमर?" एवढंच विचारलं आईला.
"सात."
पेन काढलं,
७१ मधला एक खोडला.
पुरुष तसंच राहू दिलं.

थेंब लिहून दिलेत. दिवसातून तीनदा, दहा दिवस.
आज सहावा.
डबऱ्यात कुणीतरी त्र्यंबक खांडवे
मान कलती करून पडून असेल,
हलू नको म्हटलं तरी हलत असेल.