धुऱ्याचं शुद्धिपत्र

पुण्याहून पार्सल आलं, आत एकच प्रत.
साडेसहाशे पानं, कापडी बांधणी,
आणि त्यात आपले तीन.
तिजारे सरांनी सुतळी कापली नाही, सोडवली,
बोटाला गुंडाळून खिशात ठेवली.
बेचाळीस वर्षं ‘धुरा’ चालवणारा माणूस
सुतळी टाकत नाही.

रविवारी सकाळी गांधीबागेत,
प्रेसच्या वरच्या खोलीत जमलो.
कूलरमध्ये दोन बादल्या पाणी,
कागदी प्लेटांत तर्रीपोहे,
आणि टेबलावर धुतलेला टॉवेल अंथरून
ते पुस्तक, पाहुण्यासारखं.

सरांनी प्रस्तावना वाचायला घेतली.
‘या लहानशा त्रैमासिकानं
विदर्भातल्या कवितेची धुरा वाहिली...’
थांबले. चष्मा काढला.
‘अरे, आपल्याकडं धुरा वाहत नसतात.
दोन वावरांमधला बांध तो.
भाऊ भाऊ भांडतात त्याच्यावरून,
बोरी उगवतात त्याच्यावर.’
कूलरच्या आवाजावर हसणं चढलं.

गुणवंता हेडाऊंची कविता ‘ग्रामीण’ विभागात.
‘माहा जन्म गोळीबार चौकातला,’ त्या म्हणाल्या,
‘खेडं मी बसच्या खिडकीतून पाह्यलं.
पण असू द्या. मागाचा खड्डा खोल असते,
वरून पाहणाऱ्याले खेडंच वाटंन.’
निशिकांत वाघाडे हैदराबादेहून फोनवर आला,
त्याची कविता होईपर्यंत
मागं त्याचं लेकरू रडत होतं,
त्यानं फोन बंद केला नाही.

मग पान दोनशे अकरा.
कवडू नारनवरे, कोराडी.
पॉवर हाऊसात कोळशाच्या पट्ट्यावर एकतीस वर्षं.
त्यांच्या एका ओळीवर प्रस्तावनेत दीड पान:
‘रात पडते वाळवणावर, माय झटकत राहते.’
‘राख हा शब्दही न उच्चारता,’ संपादकांनी लिहिलं होतं,
‘कवीनं राख दाखवली. हा संयम दुर्मीळ.’

टाळ्या.

मी दाराशी होतो, पोह्यांचं पातेलं धरून.
कुणाला सांगितलं नाही, ते आता सांगतो.
त्र्याण्णवचा दिवाळी अंक,
रात्रीचे अकरा, लाईट गेलेली,
टाइपाच्या केसच्या कडेला मेणबत्ती.
सगळे खण हाताला पाठ,
तरी बोटं ‘ख’कडं जायची ती ‘त’कडं गेली.
प्रूफ मीच वाचलं. फर्मा मीच कसला.
चारशे प्रती.

अंक निघाला तेव्हा कवडूभाऊ
ट्रेडलजवळ उभं राहून स्वतःचं पान वाचत होते,
बराच वेळ.
मी शिवीची वाट पाहत होतो.
त्यांनी विचारलं, ‘शाई वल्ली हाय का अजून?’
आणि अंक तसाच उघडा धरून
चौकापर्यंत चालत गेले.

आज ते मागच्या बाकावर.
खोकला आला की आधी रुमाल काढतात, मग खोकतात.
बोला, बोला, म्हणाले सगळे.
उठले. माझ्याकडं पाहिलं.
‘ते ओळ,’ म्हणाले, ‘माह्या एकट्याची नाही.’
लोकांना तो विनय वाटला.
सरांनी तर वहीत टिपून घेतलं,
पुढच्या अंकात पहिल्या पानावर टाकू म्हणाले.
जुळवणार मीच.

दुपारी त्यांना स्कूटरवर सोडायला निघालो.
पुस्तक सरांकडंच राहिलं, एकच प्रत.
मानकापूर मागं पडल्यावर चिमण्या दिसू लागल्या,
उडून न जाणाऱ्या.
रस्ताभर दोघंही गप्प.
एकदा फक्त पाठीवर त्यांचं बोट फिरल्यासारखं वाटलं,
अक्षर गिरवावं तसं.
कोणतं, ते कळलं नाही. गिअर बदलत होतो.

घराच्या गच्चीवर पांढऱ्या चादरीवर कुरडया.
स्कूटरचा आवाज ऐकून वहिनी वरूनच ओरडल्या,
‘या ना लवकर, धरा एक टोक,
पडून राह्यली!’

काय, ते त्या बोलल्या नाहीत.
आम्ही दोघं जिन्याकडं धावलो.